काचेच्या आतलं

जानेवारीत, पहाटे साडेपाचला,
लष्करच्या गल्ल्यांत काहीच नसतं.
किल्ला नसतो. बाड्यावरचं घड्याळ नसतं.
पुढच्या टेम्पोचा एक लाल दिवा असतो,
तोही कधीकधी.

मी रक्त गोळा करतो.
म्हणजे दारोदार जाऊन नमुने, उपाशीपोटीचे.
मागे डब्यात बर्फाच्या विटा, नळ्यांवर नावं,
पुढे हँडलवर मोटरसायकलचा मीटर
आणि मीटरच्या आत
त्याचं स्वतःचं धुकं.

बाहेरचं पुसता येतं, स्वेटरच्या बाहीनं.
आतलं बघत बसायचं.
काटा चाळीसवर की साठवर,
मी इंजिनाच्या आवाजावरून ठरवतो,
भिंतीपलीकडचा भाडेकरू घरी आलाय
हे खोकल्यावरून कळतं, तसं.

पण लॅबमधल्या अष्टपुत्रे मॅडमना आवाज चालत नाही.
पेट्रोलचे पैसे किलोमीटरवर,
किलोमीटर फोटोवर.
डिसेंबरचा फोटो परत आला:
‘आकडे कुठेत? ही काय साय आहे?’

साय म्हणा.
उन्हात गाडी उभी केली की दुपारी तिचे थेंब व्हायचे,
थेंब काचेवरून घरंगळून
खाली शून्यापाशी जमायचे.
रात्री पुन्हा वर.
बायकोचा केस वाळवायचा पंखा लावून पाहिला.
ती म्हणाली, माझ्यासाठी कधी एवढा वेळ धरला होतास का?
मीटर सोडवून तांदळाच्या डब्यातही पुरला दोन दिवस.
भात बरा झाला.

शेवटी नई सडकेवर गेंदालाल.
पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा,
मग लोकांनी मनगटं रिकामी केली
आणि तो मीटरवर आला.
डोळ्याला भिंग तेच.
करंजीची मुरड उलगडावी तशी
त्यानं पत्र्याची कड उचलली, कणकण,
पूर्ण गोल फिरून,
एकदाही घाई नाही.

उलटा करून बुडाशी टेकवलं बोट:
‘हे भोक कुणी बुजवलं?’

मीच.
दोन वर्षांपूर्वी, एम-सील मळून,
पाणी जाऊ नये म्हणून.
त्या दिवशी किती हुशार वाटलो होतो स्वतःला.

‘वो तो साँस का छेद है, भैया,’ गेंदालाल म्हणाला,
आणि सुईनं ते कोरत राहिला.
दिवा तापतो, आतली हवा फुगते, बाहेर पडते.
गार होते, परत येते.
तू दार लावलंस, तर बिचारी आतल्या आत भिजत बसली.
पाणी कुठून यायचं?
जे होतं तेच.

मी काही बोललो नाही.
घरी आणखी काय काय बुजवलंय
याची यादी करावी असं एकदा वाटलं,
पण तो तेवढ्यात काच मागत होता.

खिशातून मी साखर तपासायच्या पट्ट्यांची रिकामी डबी काढली.
तिच्या झाकणात ओल शोषणारे दाणे असतात.
कंपूतल्या निंबाळकर सरांची डबी,
रोज बोट पुढे करून तोंड भिंतीकडे फिरवतात ते.
गेंदालालनं दाणे मलमलीच्या चिंधीत बांधले,
काट्याच्या मागे, कोपऱ्यात ठेवले,
मुरड परत घातली.
ऐंशी रुपये.
साठ दिले, मग उरलेले वीसही दिले.

दुसऱ्या दिवशी धुकं तसंच, बाहेर.
काटा मात्र दिसत होता,
आणि काटा बत्तिसावर होता.
ज्याला मी इतके दिवस पन्नास समजत होतो
तो बत्तीस निघाला.
म्हणजे उशीर व्हायचा तो उगीच नाही.

पाटणकर बाजाराच्या वळणावर
काचेच्या कडेला नखाएवढी वाफ धरली,
जीवाजीगंज येईपर्यंत गेली.
गेंदालाल म्हणालाच होता, येईल, जाईल, हात लावू नकोस.

फोटो पाठवला.
दुपारी मॅडमचं उत्तर आलं:
‘आकडे मिळाले. बिल मंजूर.
पण काचेवर अंगठ्याचा ठसा आहे, पुसत जा.’

पुसून पाहिला.
आतून आहे.